पाहुणा संदेष्टा आणि तीन दिवसांचा नियम

पहिल्या शतकाचा शेवट किंवा दुसऱ्याचा आरंभ. सीरियाच्या बाजूचं एखादं गाव, त्यात ख्रिस्ती मंडळींची मूठभर घरं. दिवेलागणीला एक वाटसरू दारात उभा राहतो आणि सांगतो, मी संदेष्टा आहे, देवाचा निरोप घेऊन आलो आहे. घरात पोथी नाही, चौकशी करायला कुठलं वरिष्ठ कार्यालय नाही, आणि पाहुण्याला दारातून परत पाठवणं हे पाप. हा माणूस खरा की भोंदू, हे त्या घरच्यांनी ठरवायचं कसं?

याचं उत्तर ‘डिडाखे’ नावाच्या एका लहानशा पुस्तिकेत आहे. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ असं तिचं पूर्ण नाव. कित्येक शतकं ती केवळ नावानेच माहीत होती. १८७३ साली फिलोथिओस ब्रिएनिओस या ग्रीक धर्मगुरूंना कॉन्स्टँटिनोपलच्या एका मठाच्या ग्रंथालयात, १०५६ साली नकललेल्या हस्तलिखितात ती सापडली आणि १८८३ मध्ये त्यांनी ती छापली. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्या रोजचे व्यवहार कसे चालवत, हे तिच्यात जितकं जवळून दिसतं तितकं फार थोड्या ठिकाणी दिसतं.

पाहुण्याबद्दलचे तिचे नियम असे. तो आला की प्रत्यक्ष प्रभू आल्यासारखं त्याचं स्वागत करा. एक दिवस ठेवून घ्या, गरज असली तर दुसराही. तिसऱ्या दिवशीही तो हलत नसेल, तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल इतकीच भाकरी त्याला बांधून द्या. पैसे मागितले, तर तो खोटा. आत्म्याच्या संचारात त्याने पंगत मांडायला सांगितली आणि मग स्वतःच पानावर बसला, तर खोटा. संचारात असताना ‘मला पैसे द्या’ म्हणाला, तर त्याचं ऐकू नका. मात्र दुसऱ्या कुणा गरजवंतासाठी मागितलं, तर त्याच्यावर दोष ठेवू नका. आणि जो अगदी खरं तेच शिकवतो, पण शिकवतो तसं वागत नाही, तोही खोटाच. कुणाला गावातच कायमचं राहायचं असेल, तर त्याने आपल्या हातच्या कसबावर पोट भरावं. अंगी कसब नसेल, तर मंडळीने त्याची काहीतरी सोय लावावी, पण ख्रिस्ती म्हणून कुणी ऐतखाऊ राहू नये. हे ज्याला पटत नाही तो ख्रिस्ताच्या नावावर व्यापार करणारा, त्याच्यापासून जपून राहा.

हे नियम किती रोकडे आहेत पाहा. ते तपासायला विद्वत्ता लागत नाही. चुलीपुढची बाई, गोठ्यातला गडी, घरातलं पोर, कुणीही दिवस मोजू शकतं, भाकरी मोजू शकतं, पानावर कोण बसलं ते पाहू शकतं. पाहुण्याचं शिकवणं तेवढं ऐकायचं, आणि निकाल त्याच्या वागण्यावर द्यायचा. ज्यांच्या घरात तो उतरला आहे त्या साध्या माणसांच्या हाती न्यायाचं माप दिलेलं आहे. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

या नियमांच्या मागे येशूची एक प्रसिद्ध शिकवण उभी आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात, डोंगरावरील प्रवचनाच्या अखेरीस, सातव्या अध्यायात ती येते. काटेरी झुडपावर द्राक्षं लागत नाहीत, चांगलं झाड चांगलं फळ देतं, वाईट झाड वाईट. तेव्हा फळावरून झाड ओळखा. हे सगळ्यांना पाठ असतं. मात्र हा दाखला कुणाविषयी दिला आहे, ते बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. त्याच्या आधीच्याच वाक्यात मेंढरांच्या वेषात येणाऱ्या लांडग्यांचा, म्हणजे खोट्या संदेष्ट्यांचा इशारा आहे. ही कसोटी सांगितली आहे ती देवाच्या नावाने बोलतो म्हणून आपल्यावर अधिकार सांगायला येणाऱ्या माणसासाठी.

आणि त्याच अध्यायाची सुरुवात दुसऱ्याचा न्याय करू नका, या सांगण्याने होते. भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेल्याने आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ पाहावं, ही शिकवण तिथलीच. वरवर पाहता एका अध्यायात दोन तोंडं दिसतात. एकीकडे न्याय करू नका, दुसरीकडे फळ तपासा. पण माणसं बदलली आहेत हे लक्षात घेतलं की गाठ सुटते. पहिल्या ठिकाणी समोर भाऊ आहे, माझ्याच बरोबरीचा, माझ्यासारखाच चुकणारा. दुसऱ्या ठिकाणी समोर पुढारी आहे. त्याला माझा विश्वास हवा आहे, माझी आज्ञाधारकता हवी आहे, कदाचित माझी मुलंही त्याच्या हाती जाणार आहेत. भावाच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा, पुढाऱ्याच्या बाबतीत डोळे उघडे ठेवायचे, असा हा हिशेब आहे. प्रत्यक्षात मंडळ्यांमध्ये बहुधा याच्या उलट होतं. शेजारची कोणती मुलगी कुणाबरोबर दिसली, कोण दारू पितो, कोण रविवारी उपासनेला येत नाही, यावर फळाचा दाखला देऊन निकाल लागतात. आणि व्यासपीठावरच्या माणसाबद्दल कुणी शंका काढली, की न्याय करू नका हे वचन त्याच्या तोंडावर मारलं जातं. दोन वचनांची अशी अदलाबदल झाल्यामुळे ख्रिस्ती समाजाचं जेवढं नुकसान झालं आहे, तेवढं उघड शत्रूंनीही केलं नसेल.

आता फळ म्हणजे काय, हा प्रश्न. याविषयी फार गोंधळ आहे, आणि तो टाळायची सोय मत्तयने पुढच्याच ओळींत करून ठेवली आहे. शेवटच्या दिवशी काही लोक येतील, असं येशू म्हणतो. आम्ही तुझ्या नावाने संदेश दिले, भुतं काढली, मोठमोठे चमत्कार केले, असं ते सांगतील. आणि त्यांना उत्तर मिळेल की माझी-तुमची ओळखच नाही. म्हणजे गर्दी, चमत्कार, वक्तृत्व, नावाचा गजर, यांतलं काहीही फळ नव्हे. जे एरवी यशाचं लक्षण मानलं जातं ते सगळं या यादीतून बाद झालेलं आहे.

मग उरतं काय? लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना पश्चात्तापाला शोभेल असं फळ द्या म्हणून बजावतो, तेव्हा लोक त्याला नेमकं हेच विचारतात. आम्ही करायचं काय? त्याची उत्तरं ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे आहेत. दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या. जकातदारांनी ठरलेल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायांनी धाकदपटशाने पैसे उकळू नयेत, आपल्या पगारात भागवावं. जकात नाक्यावरच्या माणसाचं पुण्य जकात नाक्यावरच तपासायचं. त्याच शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदारांचा मुख्य. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा तो अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं कबूल करतो. त्याच्या बदललेल्या मनाचा पुरावा रकमेत दिसतो.

पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळाची यादी दिली आहे. तिच्यात सहनशीलता, ममता, सौम्यता, विश्वासूपणा, संयम हे गुण येतात. यांतला एकही गुण दुसऱ्या माणसाशी गाठ पडल्याशिवाय खऱ्या अर्थाने तपासता येत नाही, आणि त्यातही आपल्यापेक्षा दुबळ्याशी गाठ पडल्यावर. वरिष्ठांशी सौम्यपणे कुणीही वागतो.

दुसऱ्या शतकातल्या रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात खोट्या संदेष्ट्याचं एक चित्र आहे. लोक बाकावर बसलेले, तो एकटा खुर्चीवर. लोक त्याला ज्योतिषाला विचारावं तसं भविष्य विचारतात आणि ज्याला जे ऐकायचं असतं ते तो सांगतो. पहिली जागा त्याला हवी असते, मोबदल्याशिवाय तो तोंड उघडत नाही, आणि सगळी मंडळी जमलेली असते तिथे जाणं टाळून तो एकेकट्याला कोपऱ्यात गाठतो. अठराशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन आहे यावर विश्वास बसत नाही.

त्या काळच्या मंडळ्या फसतही होत्या. लुसियन या लेखकाने पेरेग्रिनस नावाच्या माणसाची हकिकत लिहिली आहे. हा पॅलेस्टाइनमध्ये ख्रिस्ती झाला, लवकरच पुढारी बनला, पुढे तुरुंगात गेला. मग पहाटेपासून विधवा आणि पोरकी मुलं तुरुंगाच्या दाराशी ताटकळत बसत, पुढारी मंडळी पहारेकऱ्यांना पैसे चारून आत त्याच्याजवळ रात्र काढत, लांबच्या शहरांतून त्याच्यासाठी मदत येई. पेरेग्रिनसने यावर बरीच माया जमवली. शेवटी मंडळीने त्याला बाहेर काढलं. इसवी सन १६५ मध्ये ऑलिंपियाच्या उत्सवात त्याने सर्वांदेखत स्वतःला जाळून घेतलं. लुसियन ख्रिस्ती लोकांना भोळसट म्हणून हसतो. मला मात्र त्या विधवा दिसतात. त्यांच्या बाजूचं फळ अस्सल होतं. माणूस खोटा निघाला, म्हणून त्याला नेलेली भाकरी खोटी ठरत नाही.

कृतीवरून माणूस ओळखण्याला मर्यादा आहेत, आणि ख्रिस्ती विचारवंतांनी त्या नीट ओळखल्या होत्या. बाराव्या शतकातला फ्रेंच पंडित पीटर अबेलार्ड नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात एक उदाहरण देतो. दोन माणसं मिळून एका गुन्हेगाराला फाशी देतात. एकाला न्यायाची चाड आहे, दुसऱ्याच्या मनात जुनं वैर धुमसतं आहे. हात तेच, दोर तोच, कृती तीच. पण एकाने न्याय केला आणि दुसऱ्याने सूड उगवला. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक कळायला मार्ग नाही. हेतूचा न्याय फक्त देव करू शकतो, माणसांच्या न्यायालयाला कृतीपुरतंच बघता येतं, असं अबेलार्डचं म्हणणं. पुढच्या शतकात थॉमस अक्वायनसने आणखी एक व्यवहारी गोष्ट सांगितली. संशय असेल तिथे दुसऱ्याच्या कृतीचा चांगल्यात चांगला अर्थ घ्यावा. यात आपण बऱ्याचदा फसू, पण चांगल्या माणसाला वाईट ठरवण्यापेक्षा वाईटाला चांगला समजून फसणं बरं. शेजाऱ्याच्या बाबतीत हे मला पूर्ण पटतं. मुलांचं वसतिगृह कुणाच्या ताब्यात द्यायचं हा प्रश्न असेल, तेव्हा मात्र तिथे फसण्याची किंमत आपण देत नाही, मुलं देतात. स्वतःच्या खिशाला तोशीस लागणार असेल तोवरच उदारपणे फसावं.

शिवाय झाडाला वेळ द्यावा लागतो. लूकच्या तेराव्या अध्यायात तीन वर्षं फळ न दिलेल्या अंजिराचा दाखला आहे. मालक तोडायला सांगतो, तर माळी आणखी एक वर्ष मागून घेतो; आळं खणतो, खत घालतो म्हणतो. शिष्य पेत्राने एका रात्रीत तीनदा येशूला ओळख दिली नाही, त्या रात्रीवरून त्याचा निकाल लागला असता तर पुढचा पेत्र घडलाच नसता. एखादं कृत्य म्हणजे अख्खं झाड नव्हे. वर्षानुवर्षं तेच फळ येत असेल, तर मात्र झाडाबद्दल शंका उरत नाही.

हीच कसोटी फार ताणली की काय होतं, ते चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत दिसलं. ३०३ साली सुरू झालेल्या सम्राट डायोक्लेशियनच्या छळात काही धर्मगुरूंनी जीव वाचवण्यासाठी पवित्र पोथ्या सरकारच्या हवाली केल्या. अशांच्या हातचा बाप्तिस्मा आणि अशांनी दिलेली दीक्षा मुळात खरीच नाही, असं म्हणत डोनेटस पंथ वेगळा झाला, आणि ही फूट शंभराहून अधिक वर्षं चिघळत राहिली. बिशप ऑगस्टीनने त्यावर उत्तर दिलं की संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या चारित्र्यावर तो अवलंबून नसतो, आणि शेतातला गहू नि निदण कापणीपर्यंत एकत्रच वाढणार. श्रद्धावंतांना या उत्तराने मोठा दिलासा दिला. पण संस्कार खरा राहतो म्हणजे माणूस पदावर राहिलाच पाहिजे, असं त्यातून निघत नाही. पुढच्या काळात या दोन गोष्टींची सोयीस्कर गल्लत अनेकांनी केली.

फळाच्या कसोटीवर सगळ्यांत कसून काम केलं ते अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्स यांनी. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दॅम्प्टन गावचे हे पाळक. १७४० च्या सुमारास त्या भागात धर्मजागृतीची मोठी लाट आली होती. सभांमध्ये लोक रडत, थरथरत, मूर्च्छित पडत. काही जण म्हणत हा देवाचा आत्मा. काही म्हणत हे निव्वळ वेड. एडवर्ड्स यांनी ही लाट जवळून पाहिली आणि ओसरतानाही पाहिली. काल रडलेले आज पूर्वीसारखेच भांडू लागलेले पाहिले. १७४६ साली त्यांनी धार्मिक भावनांवर एक ग्रंथ लिहिला. आधी त्यांनी बारा लक्षणं अशी मांडली, ज्यांवरून काहीच ठरत नाही. भावनेची तीव्रता, शरीरावर होणारे परिणाम, धर्माविषयी भरभरून बोलता येणं, शास्त्रवचनं आपोआप मनात येणं, उपासनेत तासन्‌तास घालवणं. मग खऱ्या भक्तीची बारा लक्षणं सांगितली, आणि त्यांतलं शेवटचं, सर्वांत सविस्तर मांडलेलं लक्षण म्हणजे आचरण. तेही एखाद्या प्रसंगापुरतं नव्हे; आयुष्यभर टिकणारं, आणि पाळणं महागात पडतं तेव्हाही पाळलेलं.

इतका बारकाईने विचार करणाऱ्या या माणसाने १७३१ साली न्यूपोर्ट बंदरात व्हीनस नावाची एक कृष्णवर्णीय मुलगी विकत घेतली. खरेदीपत्र आजही उपलब्ध आहे, त्यात तिचं वय अंदाजे चौदा लिहिलं आहे. एडवर्ड्स यांच्या घरात पुढेही गुलाम होते. गुलामांचा परदेशी व्यापार त्यांना अमान्य होता, गुलाम बाळगणं नव्हतं. ज्याने जगाला फळ तपासायला शिकवलं, त्याच्या स्वतःच्या अंगणातलं हे फळ त्याला फळ म्हणून दिसलंच नाही, कारण आजूबाजूच्या प्रतिष्ठित घरांतूनही तेच पिकत होतं. म्हणून मी म्हणतो, एखाद्याची कृती चांगली की वाईट हे ठरवताना ती ज्याच्यावर घडते त्याला आधी विचारावं. व्हीनसला कुणी विचारलं नव्हतं.

आपल्या काळातलं उदाहरण जां व्हानिए यांचं आहे. १९६४ साली फ्रान्समधल्या त्रॉली-ब्रय या खेड्यात त्यांनी मतिमंद म्हणून संस्थेत कोंडलेल्या दोघांना आपल्या घरी आणलं आणि त्यांच्याबरोबर राहू लागले. त्यातून ‘लार्श’ ही चळवळ उभी राहिली; सुमारे दीडशे वसाहती जगभर झाल्या, भारतात ‘आशा निकेतन’ही. २०१५ मध्ये त्यांना टेम्पलटन पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये ते वारले तेव्हा लोक त्यांना चालताबोलता संत म्हणत. पुढच्याच वर्षी लार्शने स्वतः करवून घेतलेल्या चौकशीचा अहवाल आला. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नात्याआडून त्यांनी सहा स्त्रियांशी लैंगिक गैरवर्तन केल्याचं त्यात होतं. २०२३ च्या सविस्तर अहवालात हा आकडा किमान पंचवीसवर गेला.

अनेकांना हा फार मोठा धक्का होता, कारण फळावरून झाड ओळखायचं तर व्हानिए यांचं फळ डोळ्यांसमोर होतं. मला यातून दोन गोष्टी दिसतात. लार्शमधली घरं हे हजारो सेवकांच्या आणि तिथे राहणाऱ्यांच्या कष्टाचं फळ होतं. ते सगळं एका माणसाच्या नावावर चढवणं हीच मुळात चूक होती. आणि त्या माणसाचं स्वतःचं फळ दिसत होतं ते बंद खोलीत, ज्यांच्यावर त्याची आध्यात्मिक सत्ता चालत होती त्यांच्याशी वागताना. मंडळीपासून दूर, एकेकीला कोपऱ्यात गाठणं, ही हर्मासने सांगितलेलीच खूण. लार्शचं मात्र कौतुक केलं पाहिजे. आपल्या संस्थापकाची चौकशी त्यांनी स्वतः करवली आणि निष्कर्ष जगासमोर छापले.

नव्या करारात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीचा अध्यक्ष कसा असावा याची यादी आहे. तिच्यात शिकवण्याची हातोटी एवढं एकच कौशल्य आहे, बाकी सगळं वागणं. दारूबाज नसावा, मारका नसावा, पैशाचा लोभी नसावा, घर नीट सांभाळणारा असावा, नुकताच विश्वासात आलेला नसावा, आणि मंडळीबाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असावं. म्हणजे साक्ष घरच्यांची आणि परक्यांची. मधल्या भक्तांची साक्ष पुरेशी धरलेली नाही.

घरच्यांची अशी साक्ष मराठीत आपल्याकडे आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने राहू लागले. ते कसे होते हे आपल्याला कुणा भक्ताने लिहिलेल्या चरित्रापेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून जास्त कळतं. टिळकांचा तापट स्वभाव, न सांगता घरातून निघून जाणं, संसाराकडे पाठ, सगळं लक्ष्मीबाईंनी झाकून न ठेवता लिहिलं. त्याच पानांवर घरातलं होतं नव्हतं ते दुसऱ्याला देऊन टाकणारा आणि पोरक्या मुलांना घरात घेणारा टिळकही आहे. इतक्या जवळून, इतक्या वर्षांनी, इतकं सोसूनही बायकोने दिलेली ही साक्ष टिळकांच्या बाजूने जाते, म्हणून मी ती मानतो.

तुमच्या मंडळीत, आश्रमात किंवा संस्थेत नवा धर्मोपदेशक येईल, तेव्हा नुसत्या भाषणावरून मत बनवू नका. आधीच्या गावी त्याने हिशेब कसा ठेवला ते विचारा. तिथल्या स्वयंपाकीण बाई, गाडीचा चालक, वसतिगृहातली मोठी झालेली मुलं त्याच्याबद्दल काय सांगतात ते ऐका. आणि एखादी बाई किंवा एखादं पोर तक्रार घेऊन आलं, तर एवढ्या मोठ्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणून त्यांना परत पाठवू नका. त्यांचं म्हणणं लिहून घ्या, आणि चौकशी त्या माणसाच्या हाताखाली काम न करणाऱ्यांकडे सोपवा.